पेटीवर टाचायचं गीत

१२ फेब्रुवारी १६९७
थर्केल मास्तर जाणार! सॉल्झबरीचा वैद्य म्हणाला, रविवार दिसणं कठीण. दादा प्रार्थनेचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेला, नि मी शाई घेऊन बसले. रडायला वेळ कुठं? शवपेटीवरच्या काळ्या कापडाला सगळं गाव आपापली शोकगीतं टाचणार. त्यात माझंच हिणकस निघालं तर मास्तर स्वर्गातून नाक मुरडतील.

१३ फेब्रुवारी
आठ कडवी झाली. सातव्यात लिहूनच टाकलं — अकरा वर्षं या माणसावर माझा जीव होता. मेलेल्यापुढे कसली लाज? खाली नाव मात्र घातलं नाही.

१५ फेब्रुवारी
मास्तर उठून बसले. मटणाचा रस्सा मागितला! देवा, तुझे उपकार.
— आणि आता माझं कसं व्हायचं? दादानं माझा कागद हॅस्केटबाईंना उतरवून घ्यायला दिलाय! "चांगलं होतं म्हणून दिलं गं डॉर्कस. सगळेच देतात." बाईंनी आपली प्रत गिरणीवालीला दिली. तिनं पुढे कुणाला, ते तिलाच आठवत नाही.

१७ फेब्रुवारी
चिखलातून सात घरं पालथी घातली. तीन प्रती हाती लागल्या, निदान चार निसटल्या. गिरणीवालीनं तर डुकराची मांडी खारवायच्या कृतीमागेच गीत उतरवलंय. पान फाडू कसं? वर मला सातवं कडवं तोंडपाठ म्हणून दाखवलं, डोळे पुसत. मीही पुसले.

२१ फेब्रुवारी
कळस झाला. अक्षर हॅस्केटबाईंचं दिसलं म्हणून कुणीतरी खाली नावही त्यांचंच घातलं. बाई नाही म्हणत नाहीत, नुसत्या मान खाली घालून लाजतात. विधवा बाई, टुमदार घर, आणि रोज मास्तरांकडे जेलीचा वाडगा. मास्तर खातात!
दादा म्हणतो, "तुला काय झालं? तुझी लाज तर वाचली."
वाचली खरी. मी गप्प बसले तर लाज राहते आणि मास्तर जातात. तापातून वाचलेला माणूस जेलीत बुडणार.

२३ फेब्रुवारी
खाडाखोडीचा कच्चा मसुदा घेऊन सकाळीच गेले. त्यांच्या मांडीवर ठेवला. "ते गीत माझं आहे. सातव्या कडव्यासकट."
मास्तरांनी आठही कडवी वाचली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. म्हणाले, "पाचव्यात एक ओळ लंगडते."
"तुम्ही मरत होतात. मात्रा मोजायला सवड नव्हती."
"हं." मसुदा ठेवून घेतला. झालं, एवढंच!
घरी येऊन कणीक अशी तिंबली की दादा स्वयंपाकघरात फिरकला नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी मला देवी आल्या, तेव्हाही वैद्यानं माझी आशा सोडली होती. मी बरी झाले, तर हेच मास्तर तीन महिने आमच्या दारी आले नाहीत. माझे व्रण बघवत नसतील, असं समजून मी गप्प राहिले. तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी
मास्तरांच्या स्वयंपाकीणबाईनं लखोटा आणून दिला. आत पिवळा पडलेला कागद, अक्षर त्यांचं. वर माझं नाव, खाली ऑक्टोबर १६८८ — मी देवीनं अंथरुणाला खिळले होते तो महिना. माझ्यावरचं शोकगीत. बारा कडवी. पेटीवर लावायची टाचणी अजून तशीच कोपऱ्यात आहे, गंजलेली.