वायरलेसवाल्याच्या घरची बिनतारी छपाई

मलकापूर, ता. कराड
२१ डिसेंबर १९९८

प्रिय मित्र केरबा यास,

सोपानचा सप्रेम जय भीम, आणि तुझ्या घरच्या रिवाजाप्रमाणे रामराम.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुझा गुडघा थंडीत काय म्हणतो? बनुवहिनींचा खोकला थांबला का? वीरधवलला कुपवाडच्या कारखान्यात कायम केलं का अजून झुलवतच ठेवलंय? तुझा ऊस तुटला का फडातच उभा आहे? ह्या सगळ्याचं उत्तर सवडीनं दे, पण आधी एक काम कर. माझ्या अक्षरात पत्ता घातलेलं एक लांब पांढरं पाकीट आज-उद्या तुझ्याकडं येईल. ते फोडू नकोस. फोडलं असशील तर वाचू नकोस. वाचलं असशील तर निदान हे पत्र पुरं होईपर्यंत माझ्याबद्दल काही मत करून घेऊ नकोस. बाकी सगळं ठीक आहे.

त्याचं असं झालं. दिवाळीला आमचा प्रबुद्ध पुण्याहून आला (तो तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, हे तुला मागं कळवलंच होतं). येताना आम्रपालीसाठी एक नवाकोरा लॅपटॉप आणि एक प्रिंटर घेऊन आला. पोरगी कराडात कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकली आहे, घरबसल्या लोकांची कामं करील असा भावाचा विचार. लॅपटॉप म्हणजे मिटला की लग्नाच्या फोटोंचा अल्बम आणि उघडला की टीव्ही. प्रिंटर पावाच्या लादीएवढा. मी विचारलं, दोघांना जोडायची तार कुठाय? तर प्रबुद्ध हसून म्हणाला, "तार लागतच नाही बाबा. वायरलेस आहे."

हा शब्द त्यानं उच्चारला आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सुलाबाई तर लगेच म्हणाली, "मग झालं की! ह्येंचा सगळा जल्म वायरलेसमधी गेलाय. ह्ये बगतील."

(आता केरबा, मी बावीस वर्षं सिग्नल युनिटात काढली हे खरं, पण सेटच्या तंबूत किती आणि लंगरच्या तंबूत किती, ते तुला सांगायला नको. मी युनिटचा स्वयंपाकी. पण सोयरीक ठरताना सासऱ्यांनी विचारलं, कुठं असता? मी म्हणालो, वायरलेसच्या युनिटात. ह्यात खोटं काही नव्हतं. पुढं पोरं झाली, त्यांनी विचारलं, बाबा, तुम्ही वायरलेसवर बोलायचा? मी म्हणालो, हं. त्या एका 'हं'पायी मी घरात कधी पळी हातात धरलेली नाही. सुलाबाईची आमटी खारट झाली तरी गप गिळतो. तोंड उघडलं तर मीठ किती चिमटी जास्त पडलंय तेही निघून जाईल, ही भीती.)

तर प्रबुद्ध यंत्रं ठेवून पुण्याला गेला आणि तिथून कंपनीनं त्याला तीन महिने जपानला धाडलं. इकडं सुभेदार नानासोंचा निरोप आला की दहा जानेवारीला सांगलीत आपल्या युनिटच्या जुन्या लोकांचा मेळावा ठरलाय, बायकापोरांसकट यायचं, आणि सोपानच्या घरी छपाईचं यंत्र आलंय म्हणे, तर निमंत्रणपत्रं त्यानं छापून धाडावीत. बेचाळीस माणसं. मी हो म्हणालो. नानासोंना नाही म्हणायची सवय मला बावीस वर्षांत लागली नाही, आता कुठली लागायला.

आम्रपालीनं सरावासाठी म्हणून आपल्या मनानं निमंत्रणाचा एक मजकूर टाईप केला आणि छपाईचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. पोरगी म्हणाली, "बाबा, हा म्हणतोय प्रिंटर टप्प्यात नाही." प्रिंटर तिच्या कोपराला लागत होता केरबा! कोपराला लागलेली वस्तू टप्प्यात नाही तर टप्पा म्हणायचं तरी कशाला? पण सगळी माझ्या तोंडाकडं बघतायत. मला एवढं आठवत होतं की तू सेटवरून ओरडायचास, "रेंज नहीं साब," आणि मग तुम्ही सगळे ते धूड उचलून टेकाडावर चढायचात. मी खाकरलो आणि म्हणालो, "उंचावर न्यावं लागंल."

प्रिंटर गच्चीवर नेला. आम्रपाली खाली बटण दाबणार आणि मी वर कागदाकडं बघत उभा. "आलं का बाबा?" "न्हाई. परत दाब." असं अर्धा तास. शेजारचे बाळासो आपल्या गच्चीवरून बघत होते. त्यांनी न विचारता सल्ला दिला की तोंड कोल्हापूरकडं करा, आमच्या टीव्हीला तसंच केल्यावर चित्र येतं. मी कोल्हापूरकडं केलं. मग पुण्याकडं केलं. मग बाळासो म्हणाले, अर्थिंग दिलंय का? तेव्हा तांब्याची तार आणून एक टोक प्रिंटरच्या बुडाला आणि एक टोक मोरीतल्या नळाला बांधलं. त्याच नळाला सुलाबाई भांडी घासत होती. तार बघून ती खरकटे हात घेऊन अंगणात जाऊन उभी राहिली आणि ती तार निघेपर्यंत नळाला हात लावणार नाही म्हणाली. त्या दिवशी जेवण उशिरा झालं, छपाई झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीनं यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचून सांगितलं की दोन्ही यंत्रांच्या अंगात लाल किरण आहेत, त्यांच्यावरून मजकूर जातो, पण ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मी विचारलं, दिसत नाहीत तर लाल आहेत हे कुणी बघितलं? तिनं पुस्तक परत पहिल्या पानापासून चाळायला घेतलं. ती क्लासला गेली की मी एकटाच लॅपटॉपसमोर बसायचो. पडद्यावर तोच मजकूर उघडा असायचा, कुठलं बटण दाबायचं ते पोरीनं दाखवून ठेवलं होतं. मी दाबायचो, थोडं थांबायचो, प्रिंटरची जागा बदलायचो, परत दाबायचो. (एकदा कोणी नाही बघून हळूच "हॅलो, हॅलो, ओव्हर" सुद्धा म्हणून बघितलं. हे कुणाला सांगू नकोस.) दोन दिवसांत किती वेळा दाबलं असेन कोण जाणे. मला वाटलं, जे छापलं नाही ते गेलं वाऱ्यावर.

मधल्या काळात नानासोंनी खरा मजकूर लिहून पाठवला. चार ओळी, तारीख, वेळ, ठिकाण, आणि निमंत्रक म्हणून माझं नुसतं नाव. आम्रपालीनं तो टाईप करून त्याचंही बटण दाबून ठेवलं.

मग बाळासोंच्या फोनवर जपानहून प्रबुद्ध आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा, तोही थांबून थांबून. मला ऐकू आलं ते एवढंच : "समोरासमोर ठेवा... काळी काच... हातभर अंतर... उन्हात..." आणि खरखर. मी ओरडून म्हणालो, "उन्हात व्हय?" फोन कटला. बाळासो म्हणाले, "आवं, म्हंजी सूर्यावर चालत आसंल." मलाही पटलं. दोन्ही यंत्रं अंगणात बाजल्यावर मांडली. समोरासमोर म्हणजे काय, तर लॅपटॉपचं तोंड म्हणजे पडदा, म्हणून प्रिंटर पडद्यासमोर ठेवला. काय छापायचंय ते त्याला नीट वाचता यावं. दुपारी एकपासून तीनपर्यंत मी टॉवेल डोक्यावर घेऊन त्या दोघांजवळ बसलो. प्रिंटर तापला, मी तापलो, कागद तसाच कोरा.

शेवटी सुलाबाईच बाहेर आली. "पोराची वस्तू उन्हात इतळायला लागली की वं," म्हणत तिनं दोन्ही यंत्रं घरात नेली आणि जागा नाही म्हणून लॅपटॉप टेबलावर आणि प्रिंटर त्याच्या पाठीमागं, असा आडवातिडवा टेकवला. टेकवल्याबरोबर प्रिंटरनं घर्र केलं. ती किंचाळून मागं सरली. कागद आत गेला आणि अक्षरं घेऊन बाहेर आला! मागोमाग दुसरा. मग तिसरा. (काळी काच लॅपटॉपच्या पाठीला असते केरबा, आणि पोरगा 'उन्हात ठेवू नका' म्हणत होता. हे पाठीनं बोलणारं यंत्र कुणी काढलं असेल?)

काय आनंद झाला म्हणून सांगू. बटण न दाबता छपाई! मी कागद घालतोय, यंत्र काढतंय, सुलाबाई घड्या घालून पाकिटांत भरतेय. पत्ते मी आधीच लिहून ठेवले होते. बेचाळीस पाकिटं भरली, तीन कागद उरले तेही छापून झाले, कागद संपले आणि यंत्र थांबलं. माझा चष्मा कुठं ठेवलाय ते सापडेना. वरची मोठी 'स्नेहमेळावा' ही अक्षरं दिसली, खाली तारीख दिसली, तेवढं पुष्कळ झालं. टपालाची पिशवी चारला निघते. सायकलवर टांग मारली आणि सगळी पाकिटं टाकून आलो. येताना पेढे आणले.

आम्रपाली क्लासवरून आली. उरलेला एक कागद तिनं उचलला आणि वाचता वाचता म्हणाली, "बाबा, हा तर माझा पहिला मजकूर आहे. तुम्ही दाबलेले सगळे हुकूम आत रांगेत उभे होते. नानासोंचा मजकूर सगळ्यात शेवटी होता." मी चष्मा शोधून तो कागद वाचला. त्यानंतर मला पेढा गोड लागला नाही.

असो. तेवढ्यासाठीच पाकीट फोडू नकोस म्हटलं. बनुवहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू ठेव.

तुझा जुना सोबती,
सोपान

ता. क. १ : पाकीट तू फोडणारच, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून त्यात काय आहे ते मीच सांगतो. तिथं असं छापलंय : "निमंत्रक, हवालदार सोपान, वायरलेस ऑपरेटर. एकाहत्तरच्या लढाईत अँटिना तुटलेली असताना ज्यांनी तीन दिवस सेटवरून न उठता युनिटचा संपर्क तुटू दिला नाही." ही कुणाची गोष्ट ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. प्रबुद्ध लहानपणी टायफॉईडनं पडला होता, गोष्ट सांगा म्हणून मागं लागला. तीनशे माणसांच्या पुऱ्या तळल्याची गोष्ट आजारी पोराला काय सांगायची? मी तुझी सांगितली. सांगताना 'केरबा' म्हणायचं ते तोंडातून 'मी' गेलं. मग ते परत घेता आलं नाही. पोरीनं अभिमानानं छापलं रं, तिचा काही दोष नाही.

ता. क. २ : खरं काम हे आहे. दहा तारखेला सुलाबाई आणि आम्रपाली माझ्याबरोबर सांगलीला येणार आहेत. तू सांगली-मिरजेच्या आपल्या लोकांना गाठ आणि म्हणावं, एक दिवस सोपानला ऑपरेटर राहू द्या. एकच दिवस गड्या.

ता. क. ३ : वरचं दुसरं ता. क. खोडायचं होतं, पण शाई पसरेल म्हणून राहू दिलं. ते वाचू नकोस. तुझी गोष्ट तुझी आहे. तिथं उभा राहून सगळ्यांदेखत सांग. फक्त सांगायच्या आधी मला डोळ्यानं खूण कर, म्हणजे मी पाणी प्यायला बाहेर जाईन.

*

केरबाकाकांना आम्रपालीचा नमस्कार.

पत्र डकवायला बाबांनी माझ्याकडं दिलं. मी ते वाचलं. चूक झाली, पण वाचलं. आईला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मला ठावं हाय की. साक्षरतेच्या वर्गात वाचाय शिकले, तवा पयल्यांदा ट्रंकेतलं त्येंचं फौजेचं पुस्तकच वाचलं. त्यात सैपाकी म्हणून लिवलंय. म्हटलं सांगतील कवातरी." ह्या पत्राआधी मला मात्र काहीच माहीत नव्हतं. आज दुपारी मी थोडी रडले, मग नानासोंच्या मजकुराची बेचाळीस नवी पत्रं छापली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

काका, एक विचारायचं होतं. त्या तीन दिवसांची गोष्ट बाबा आम्हाला नेहमी सांगतात. सेटवरचा माणूस काय बोलला, ते दोन वाक्यांत उरकतात. पण गोळे पडत असताना एक माणूस चहाची किटली पोटाशी धरून, ती गार होऊ नये म्हणून अंगातला कोट तिला गुंडाळून, दर दोन तासांनी खंदकातून सरपटत सेटपर्यंत यायचा, हे सांगायला त्यांना अर्धा तास लागतो. कोपरं कशी सोलली, किटलीचं झाकण कशानं बांधलं, सगळं सांगतात. त्याचं नाव विचारलं की म्हणतात, होता एक.

दहा तारखेला तुम्ही ती गोष्ट सांगाल तेव्हा त्याचं नाव घ्या. बाबांना पाणी प्यायला मी जाऊ देणार नाही.