आईचा अंगठा

बाबा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, मेलेल्या माणसावर कसलं चिडतेस, असं शेजारची काकू म्हणेल. म्हणू दे. जिवंत माणसांशी भांडून भांडून माझा घसा बसलाय, आता तुमची पाळी.

झालं असं की आईची पेन्शन अडली. तुमच्या माघारी तिला मिळते ती, तुमचीच. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे तिला डहाणूच्या बँकेत जाऊन दाखवावं लागतं. आजवर ती कागदावर सही करून यायची, आणि सही करताना तिचा रुबाब काय विचारता! यंदा खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, सही नको. मशीनवर अंगठा ठेवा." आईला वाटलं, हा आपल्याला अडाणी समजतोय. "मला सही येते," ती म्हणाली. "येत असेल हो, पण मशीनला अंगठाच लागतो." ठेवला. लाल दिवा. दुसरं बोट, डावा हात, पुन्हा अंगठा, लालच. मागे घोलवडचे एक चिकूवाडीवाले उभे होते, ते बिचारे कळवळून गुजरातीत म्हणत होते, "माजी, थोडुं तेल लगाडो ने." मी खिडकीत तोंड घालून म्हटलं, अहो, बाई समोर उभी आहे, बोलतेय, अजून कशी जिवंत असायला हवी? कागदावरही चालतं, नियम आहे! तर म्हणे साहेब रजेवर आहेत, तोवर मशीनच. तिथून आम्ही हात हलवत परत आलो.

आणि या मशीनांचं तुम्हांला केवढं कौतुक! स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही पेपर वाचून दाखवताय, आई भाकऱ्या थापतेय. पूर्वी कॉम्प्युटरला अख्खी खोली लागायची, आता टेबलावर मावतो. मुंबईत म्हणे भिंतीतलं यंत्र पैसे देतं. उद्या माणसं खिशात फोन घेऊन फिरतील, तुम्ही सांगताय, आणि आई म्हणतेय, "खिशात? आणि वायर कुठे ठेवायची?" तळासरीच्या तुमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला त्या दिवशी तुम्ही पेढे आणलेत, पोर झाल्यासारखे. "मशीनला नाक नसतं," तुम्ही म्हणालात, "त्याच्यापुढे साहेब आणि मासेवाली सारखीच." मला ते फार आवडलं होतं. शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं मी. आज विचारते, मशीनला नव्हतं ते नाक तुम्हांला कशाला होतं? कळलं ना मी कशाबद्दल बोलतेय ते?

आईचं खातं उघडायचा दिवस. त्याआधी अख्खा उन्हाळा तुम्ही तिला पाटीवर सही शिकवलीत, ते मी विसरलेले नाही. माझी बायको अंगठा उठवणार नाही, हेच तुमचं पालुपद. पण त्या दिवशी बोंबील वाळत होते. बांबूच्या वलांडीवर ते टांगता टांगता तुमचा निरोप आला, आणि ती तशीच धावत बँकेत आली. तिने पेन हातात घेतलं आणि टेबलामागच्या साहेबाने रुमाल नाकाला लावला. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत. बोललात आईला, सगळ्यांदेखत: "हात धुऊन यायची अक्कल नाही?" मी तिचा पदर धरून उभी होते, बाबा. तिने सही केली, नीट केली.

तेव्हापासून आई कुठेही निघाली की आधी न्हाणीत बसून हात घासते. चुलीतली राख, नारळाची शेंडी, वर लिंबाची साल. लग्नाला असो की दवाखान्यात. मला वाटायचं, तिला स्वच्छतेची आवड. परवा पुन्हा बँकेत निघालो तेव्हा न्हाणीच्या दारातून पाहिलं, तर ती अंगठा धरून लालभडक होईपर्यंत घासतेय. "अगं काय करतेस?" तर म्हणाली, "मशीनवर ठेवायचाय ना. वास राहिला तर लोक काय म्हणतील?" मासे खारवून मिठाने आधीच झिजलेली बोटं, त्यात इतक्या वर्षांची ही राख. रेघा राहणार कुठून? मी कामावर, कॉम्प्युटरच्या मदतकक्षात, दिवसभर लोकांना सांगत असते, पासवर्ड बदला, ओटीपी कुणाला देऊ नका, मशीनची काच ओल्या फडक्याने पुसा. आणि माझ्या घरात हे चाललंय, मला पत्ता नाही! असा संताप आला तुमचा, की तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवावासा वाटला.

बँकेत गेलोच नाही. राख उकिरड्यावर टाकली, शेंडी टाकली. आता काही दिवस नुसतं पाणी आणि झोपताना खोबरेल, मी बजावलं. "आणि बँकेत वास मारला तर?" "मारू दे." "तुझ्या बाबांना चाललं नसतं." "बाबा नाहीत आता!" मी ओरडलेच. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, पण राखेला शिवली नाही.

आज सकाळी तिला घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने मान मागे घेतली. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्याने पुढे झाला. आईने अंगठा ठेवला. लाल. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, घाई नको, परत ठेव, दाबू नको. ठेवला. हिरवा! "झालं आजी," तो म्हणाला, "वर्षभर चिंता नाही." बाहेर पायरीवर येऊन आईने हात नाकाशी नेला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नको हां, मी तशीच आले ते."

नाही सांगत, म्हटलं मी. म्हणून हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवत नाहीये. लिहिल्याशिवाय मात्र राहवलं नाही.