इस्पितळाची रंगीत तालीम

लक्ष्मी गेट, झाशी
चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या मार्तंडाचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या लष्कर शहराची हवा या तिघांचं आपसात बरं चाललं असेल अशी आशा करतो. इकडे सगळे सुखरूप आहेत. हे वाक्य नेहमीसारखं पत्राच्या तळाशी न घालता मुद्दाम वर घातलं आहे, कारण आपला श्रीकृष्ण तालमीच्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडे यायला निघाला आणि त्याने तुम्हाला काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. तर मार्तंडाचा पाय प्लास्टरमध्ये आहे हे खरं, पण तो मोडलेला नाही. तुमच्या धाकट्या भावजयीला, जानकीला, ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं हेही खरं, पण तिला काही झालेलं नाही. आणि गोविंदराव वारलेले नाहीत. (काल येऊन आंब्याची डाळ दोनदा मागून खाऊन गेले.)

नगरा मोहल्ल्याकडे नवं धर्मादाय इस्पितळ झालं आहे, तिथे लखनौचे एक बडे डॉक्टर आले आहेत. माणूस फार तळमळीचा. झाशीला चहूकडून गाड्या येतात, तेव्हा एक ना एक दिवस दोन गाड्या भिडणार आणि शेकडो जखमी एकदम दारात येणार, या काळजीने त्यांना जेवण जात नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की आधीच एकदा खोटे जखमी आणून सगळ्यांचे हात बसवून घ्यायचे. आता खोटे जखमी आणायचे कुठून? कोणीतरी त्यांना सांगितलं की हे मराठी लोग दर साल गणपतीत नाटक करतात, यांना मरण्याची चांगली सवय आहे. झालं, आपली सगळी मंडळी जखमी व्हायला कबूल झाली. अक्कासुद्धा. म्हणजे ती कबूल कुठे झाली होती, माझं तिथे काय काम, असंच म्हणत होती. पण डॉक्टरसाहेबांनी घरी येऊन, माताजी, आप जैसी एक बुज़ुर्ग चाहिए, असं हात जोडून सांगितलं. आपल्या या बहिणीला कोणी आपण होऊन बोलवायला येण्याची सवय राहिलेली नाही, दादा. तिने त्याच दिवशी पांढरं लुगडं धुऊन, घडी करून गादीखाली ठेवलं.

डॉक्टरांची युक्ती अशी होती. ज्याची जखम भारी, त्याच्या कपाळावर लाल औषधाचा ठिपका, त्याला उचलून आधी आत न्यायचं. ज्याची हलकी त्याला पिवळा ठिपका, त्याने लिंबाखाली थांबायचं. कपाळ कोरं असेल तो एक तर धडधाकट, नाहीतर हाताबाहेर गेलेला. त्याच्यापाशी वेळ घालवायचा नाही. एरवी युक्ती नामी आहे. पण लखनौच्या माणसाला चैत्र कसा ठाऊक असणार? त्या दुपारी गोविंदरावांच्या बकुळावहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि बायका तिथूनच परस्पर, कपाळं भरून, पदरात भिजवलेले हरभरे घेऊन मैदानात येऊन पडल्या! स्ट्रेचरवाल्या पोरांना लाल दिसलं की उचलायचं एवढंच शिकवलेलं. त्यांनी पाय मुरगळलेल्या, नुसत्या घाबरलेल्या, आणि ज्या फक्त बघायला आल्या होत्या त्या, सगळ्या बायका धडाधड आत नेल्या. ऑपरेशनच्या खोलीत जरीकाठांची गर्दी झाली आणि टेबलाखाली हरभरे सांडून कंपाउंडर घसरला. (त्या दिवसातली पहिली खरी दुखापत त्याची.)

मला पिवळा ठिपका होता. लिंबाखाली शिकाऊ पोरांनी माझ्या धडक्या पायाला सरावासाठी प्लास्टर घातलं, आणि काढायचं शिक्षण पुढच्या महिन्यात आहे असं नंतर सांगितलं. शेजारी गोविंदराव. त्यांच्या वाट्याला मुरगळलेलं मनगट आलं होतं, पण हा गृहस्थ गणपतीत कायम शेवटच्या अंकात मरत आलेला, त्याला मनगटावर समाधान कसं व्हावं? त्यांनी पुत्राला उपदेश केला, राज्याची वाटणी केली आणि प्राण सोडला. मग टाळ्या पडल्या म्हणून पुन्हा सोडला.

अक्काला डोक्याला मार लागून बेशुद्ध पडायचं काम होतं. ड्रेसर लाल औषध घेऊन तिच्याकडे आला तेव्हा तिने पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, भैया, हमको नहीं चलता. त्याला वाटलं, बाईंना भाग घ्यायचा नाही. तो पुढे गेला. अक्का मात्र सांगितल्याप्रमाणे भर उन्हात डोळे मिटून पडली. तुम्हाला ती माहीत आहे. हलायचं नाही म्हटलं की हलायची नाही, पाणी मागायचं नाही म्हटलं की मागायची नाही. पोरं येत होती, कोरं कपाळ बघत होती आणि ओलांडून पुढे जात होती. डॉक्टरांनी तर लांबून मला दाखवलं, की देखिए, माताजी कितना अच्छा कर रही हैं.

मग एक बकरी आली आणि अक्काचा पदर चघळू लागली. दादा, आपल्या अंगणात बकरीने नुसतं डोकावलं तर अक्का लाटणं घेऊन लक्ष्मी गेटपर्यंत तिच्यामागे जाते. इथे बकरीने अर्धा पदर खाल्ला तरी तिचं बोटसुद्धा हललं नाही. मी ओरडलो, अक्काला खरंच उन्हाची लू लागली आहे, धावा! पण त्या मैदानात सगळेच ओरडत होते. मला लोक वाहवा म्हणाले. मी तो ओला धोंड्यासारखा पाय ओढत, लंगडी घालत तिच्यापाशी पोचलो. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. स्ट्रेचरवाल्यांना अक्षरशः धरून आणलं, तर ते म्हणतात, बाबूजी, इनके माथे पे तो निसान नइयां, खूणच नाही म्हणे. मी रडायला लागलो. खरं रडलो, आणि त्यालाही कोणीतरी छान म्हणालं.

माझा आवाज जानकीने मात्र आतून ओळखला. ती टेबलावरून उठून तशीच बाहेर धावली. काय झालंय ते तिने बघितलं. स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटाने घेतलं आणि अक्काच्या कपाळाला लावलं. पोरांनी लाल बघितलं आणि अक्काला उचललं.

बर्फ, ओली चादर, मीठसाखरेचं पाणी, सगळं झालं. डॉक्टरांनी स्वतः उशाशी बसून वारा घातला, आणि तालमीत निदान एक माणूस खरा वाचला म्हणून डोळे पुसले. (मला तो माणूस आवडतो.) शुद्धीवर आल्यावर अक्काने पहिलं विचारलं, माझं काम बरं झालं का रे? मी म्हटलं, सगळ्यांत बरं. ती लाजली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. अक्षय्यतृतीयेला तुम्ही येणार म्हणून सगळे वाट बघत आहेत.

तुमचा आज्ञाधारक,
मार्तंड

ता. क. प्लास्टर निघेल तेव्हा निघेल. तुम्हाला स्टेशनवरून आणायला माझ्याऐवजी आपला नीलकंठ येईल.

ता. क. पुन्हा. ते कुंकू अक्काने पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळीत गेलं, तेव्हा न्हाणीतून येऊन ती जानकीसमोर नुसती उभी राहिली. जानकीने करंडा उघडला. तेव्हापासून रोज सकाळी एक बारीकसा ठिपका असतो. आरशात बघत नाही, बोटाने चाचपून घेते. कपाळ पांढरं झालं तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती हो ती. पण तुमचं नाव निघालं की पदर पुढे ओढते, आणि तुमची गाडी ज्या दिवशी येईल त्या दिवशी ती ठिपका पुसणार हे मला पक्कं ठाऊक आहे. अण्णांचं पितृछत्र गेल्यापासून घरात शब्द तुमचाच चालतो. तुमच्यापुढे बोलायचं धैर्य मला आजही नाही, म्हणून एवढं सगळं बकरीसकट लिहीत बसलो.

ता. क. शेवटचं. येताना लष्करच्या बाजारातून चांगलं कुंकू आणा, इथलं घामाने पसरतं. ते जानकीच्या हाती देऊ नका. अक्काला तुमच्या हाताने द्या. करंडा लहानच घ्या, मोठं काही घ्यायला तिला संकोच वाटतो.