नमुना घरातला वड

२५ मे, रविवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची, म्हणून आजपासून इथं रोजचं लिहीन म्हणते.

गजाननाच्या कृपेनं मोशीच्या घरी आलो. चिखलीच्या पत्र्याच्या खोलीतला सगळा संसार एका टेम्पोत मावला. आणि घर काय सांगावं! भिंती, छत, जिना, जमीन, सगळं लाकडाचं. सिमेंट फक्त पायात. बांधणाऱ्या कंपनीचं हे नमुना घर. लाकडाच्या घरात माणसं खरोखर राहतात, पोळ्या लाटतात, कपडे वाळत घालतात, हे गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून त्यांना एक कुटुंब ठेवायचं होतं. यांचे गुडघे चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनपुढे, बावीस वर्षं उभं राहून गेले. आता बसून राखण करायची आणि आल्यागेल्याला घर दाखवायचं. देवानं ऐकलं.

२ जून, सोमवार

कंपनीच्या इंजिनिअर निशिगंधा मॅडम आल्या होत्या. पोरगीच आहे, माझ्या भाचीएवढी. लाकडाच्या घरात समई लावू का, म्हणून विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, जाड लाकूड पटकन पेटत नाही काकू, वरचा थर जळून कोळसा होतो आणि तोच आतलं राखतो. तरी समईला काच लावा म्हणाल्या. भिंती म्हणजे आडव्या-उभ्या फळ्या डिंकानं चिकटवलेल्या. झाड जगताना हवेतलं जे ओढून घेतं, ते तोडल्यावरही आत धरून ठेवतं, सोडत नाही, म्हणून असली घरं चांगली, असं त्यांचं म्हणणं.

मधल्या खोलीत मोठा खांब आहे, दोघांच्या कवेत मावणार नाही. तो रस्तारुंदीत पाडलेल्या वेशीवरच्या वडाचा. घराचा भार त्याच्यावर नाही, नुसता शोभेचा. इतकं जुनं झाड जाळायचं कशाला, म्हणून ठेवला. मला पटलं. काही वाया घालवू नये.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. जिता वड पार नदीच्या अंगाला, आणि यांना एकटं सोडून जायचं जिवावर आलं. मग म्हटलं, सोसायटीतल्या बायका फांदी तोडून आणून पूजतात, आपल्याकडे तर अख्खा वड घरात आहे. खांबाला हळदीकुंकू वाहिलं, आंबा ठेवला, ओटी भरली.

हे चेष्टेत येऊन खांबाला पाठ लावून उभे राहिले. मलाच बांध, म्हणजे पळायची सोय नको. वर म्हणाले, सातही जन्म हाच कशाला, एखादा बदलून बघ की. मी म्हटलं, बदलून आणखी आळशी मिळाला तर? हसत हसत सात फेरे यांच्यासकट घातले. मग हे दोऱ्याखालून वाकून निघाले. सव्वीस वर्षांत इतकी हसले नव्हते पूजेला.

१२ जून, गुरुवार

खांबाला टेकलं की गुडघे दुखत नाहीत म्हणतात. जेवणही तिथंच घेतलं. बरं वाटलं. देवाची कृपा.

१५ जून, रविवार

तीन कुटुंबं घर बघायला आली. हे उठले नाहीत, बसूनच सगळं सांगितलं. लोक गेल्यावर मी बोलले, तर म्हणाले, उठावंसं वाटत नाही गं. भाकरी नको म्हणतात. नुसतं पाणी. दिवसाला दोन कळशा.

१७ जून, मंगळवार

अंघोळीला शर्ट काढला. छातीवर आडवे सात वळ. मिठाईच्या पुड्याला दोरा करकचून बांधावा तसे. खांबाकडे गेले तर दोरा दिसेना. लाकडात सात रेघा आहेत, दोरा आत गेलाय. नखानं टोक शोधलं. नाही.

डॉक्टरला घरी आणलं. त्यांनी घामाचा नायटा म्हणून मलम दिलं.

१९ जून, गुरुवार

पाठ निघत नाही. खांबाला चिकटलीय. मी ओढलं, हे ओरडले. मॅडमना फोन लावला, त्या नाशिकला आहेत. पॉलिश दमटपणानं सुटलं असेल, कोमट तेल सोडा म्हणाल्या. अर्धा किलो तेल ओतलं. लाकूड प्यायलं.

मग विळीनं खांब खरवडला. खरवडलं खांबाला आणि रक्त यांच्या छातीतून आलं. विळी टाकली. पुन्हा हात लावणार नाही.

दुधवाल्या सुभद्राबाई आल्या होत्या. मोशीच्याच, गावातल्या जुन्या घराण्यातल्या. दारातूनच बघितलं आणि दुधाची किटली खाली ठेवली. मला म्हणाल्या, बाई, मेल्या वडाला दोरा बांधला व्हय? अगं जितं झाड आपलं आयुष्य नवऱ्याला देतं. मेल्याकडं द्यायला काय हाय? त्ये वढून घेतं. आमच्या सासवांनी शंभर वर्सं बांधलं त्याला, त्याला सवय हाय बांधून घ्यायची.

मला माहीत नव्हतं. देवा, मला माहीत नव्हतं.

२१ जून, शनिवार

कानापर्यंत आत गेलेत. चमच्यानं पाणी पाजते. गुरुजींना फोनवर विचारलं, व्रत सोडता येतं का? ते म्हणाले, ताई, सगळ्या बांधायला येतात, सोडायला कोणी येत नाही.

सकाळी पहिल्यांदाच यांना नावानं हाक मारली. उद्धव. पापणी हलली.

२३ जून, सोमवार

नाहीत. खांब नुसता फुगलाय. हात ठेवला की ऊब लागते.

मॅडम आल्या. टेपनं खांब मोजला, दमटपणानं फुगला म्हणाल्या, गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखा नाही, गुरुवारी आरा लावून काढू. यांचं विचारलं. मी सगळं सांगितलं. सगळं. त्यांनी मला पाणी दिलं, खाली बसवलं, पाठीवर हात फिरवला. बाहेर जाऊन फोनवर कोणाला तरी म्हणाल्या की उद्धवराव न सांगता गावी गेलेत, काकूंना धक्का बसलाय.

मी पाया पडले. पोरीच्या पाया पडले. आरा नको म्हणून. काकू असं करू नका म्हणत त्याच रडायला लागल्या. पण आरा येणार.

२५ जून, बुधवार

सुभद्राबाईंच्या दारात जाऊन बसले. उठेचना. शेवटी बोलल्या. सोडता येतं. उलटे सात फेरे घालायचे. मंगळसूत्र उतरवायचं, कुंकू पुसायचं, दर फेऱ्याला तोंडानं म्हणायचं, ह्यो माझा कुणी न्हाई, ह्या जन्मी न्हाई, फुडं न्हाई. मनातनं म्हणायचं. खोटं म्हणलं तर झाडाला कळतं. आणि एकदा सोडल्यावर परत माझा म्हणायचं न्हाई, म्हणलं की दोरा पुन्हा बसतो.

मग उंबऱ्यापर्यंत येऊन हळू म्हणाल्या, आन् बाई, वडाला मोकळं राहायची सवय न्हाई, त्येवढं ध्येनात ठेव.

जिवंत नवऱ्याचं कुंकू पुसायचं. मी.

२६ जून, गुरुवार

सकाळी आठ. मंगळसूत्र देव्हाऱ्यात ठेवलं. कुंकू पुसलं. आरसा पालथा घातला. आरा अकराला येणार.

पहिला फेरा. म्हटलं. रेघ उकलली.

तीन. यांचा खांदा दिसतो. मनातनं म्हणतेय. खरंच म्हणतेय. रडत नाही, रडलं तर खोटं ठरेल.

पाच — तोंड बाहेर. श्वास आहे. देवा श्वास आहे —

सहावा झाला. सातव्याची दोन पावलं उरली आणि तोल गेला, उजवा हात खांबावर टेकला. निघत नाही. डाव्या हातानं लिहितेय. वेडंवाकडं येतंय. हात अडकला तर फेरा कसा पुरा करू — हात तिथंच ठेवून अंग पिळलं. फिरवलं. कोपरापाशी काहीतरी मोडलं. सातवा झाला. म्हटलं. माझा कुणी नाही.

हे जमिनीवर पडले. उठून बसले. सुटले. सुटले.

माझा हात मनगटापर्यंत आत. दुखत नाही आता. गार वाटतं.

फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजतोय. आरेवाले लवकर आले. हे उभे राहिले, गुडघे धरले नाहीत. माझ्याकडे बघतात. अनोळखी बाईकडे बघावं तसं. हात जोडून विचारतात, ताई, तुम्ही कोण? कोणाकडे आलात?

मी बोलत नाही. बोलले तर पुन्हा —

हॉर्न. हे दाराकडे निघाले. आरेवाल्यांना सांगतील की आत एक बाई आहे, म्हणजे आरा थांबेल — पण मी तर कोपरापर्यंत —

परत आले. अगदी जवळ. विचारतात, तुमचं माणूस कुठंय ताई, बोलावू का कुणाला, नाव सांगा त्यांचं.

नाव. माझ्या तोंडात येतंय. ओठ दाबून धरलेत. आरा आत आणला. हे माझा अडकलेला हात ओढायला लागलेत, म्हणतात घाबरू नका, सांगा, कोणाच्या तुम्ही —

मी