लँकेशायरची पायरी

अण्णा, आमच्या समोर राहणारी डच बाई दर शनिवारी दारापुढची फरशी गुडघ्यावर बसून ब्रशने घासते. हॉलंडच्या या झूटरमेरमध्ये सध्या शाळा बंद आहेत, ऑफिसं बंद आहेत, केस कापायची दुकानं बंद आहेत, पण फरशी चालू आहे. सुरुवातीला मला वाटलं, रोगाच्या भीतीने करत असेल. मग बायकोने सांगितलं की ती हे आम्ही इथे आलो तेव्हापासून करते, मीच कधी खिडकीतून बाहेर बघितलं नव्हतं. घासत घासत ती शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत येते आणि बरोबर रेषेवर थांबते. पुढची फरशी त्याची, ती त्याने बघावी. तर असाच एका सकाळी मी खिडकीत उभा होतो, कानात ऑफिसची मीटिंग, हातात कॉफी, कॅमेरा बंद, आणि तुम्ही आठवलात. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तुम्ही अनेकदा आठवलात, बहुतेक वेळा मी मुलीवर ओरडत असताना. पण फरशीवरून पहिल्यांदाच.

तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगतो, म्हणजे मी ती किती लक्ष देऊन ऐकली होती ते तरी कळेल. इचलकरंजीच्या गिरणीने तुम्हाला नवे माग शिकायला नऊ महिने लँकेशायरमधल्या एका गावी पाठवलं होतं. तुमच्या घरमालकीणबाई दर शुक्रवारी दाराची दगडी पायरी धुवायच्या आणि ती ओली असतानाच तिच्या कडेला एका मऊ दगडाने फिकट रेघ ओढायच्या. तो दगड भंगारवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात देऊन जायचा. तुम्हाला याचा फार आनंद झाला होता. "म्हणजे बोहारीण त्यांच्यातही आहे," तुम्ही सांगायचात, "फक्त तिला मिशा आहेत आणि भांड्याऐवजी ती धोंडा देते." मग दिवाळी आली. तुम्ही दगडाचा एक तुकडा मागून घेतला, कुटला, रुमालातून चाळला, आजीने बांधून दिलेली हळद काढली आणि पहाटे उठून पायरीवर कमळ काढून कारखान्यात गेलात. संध्याकाळी येऊन बघता तर गल्ली गोळा झालेली. बाईंनी फर्मान काढलेलं की यावर कुणी पाय ठेवायचा नाही. आठवडाभर सगळं घर मागच्या दाराने ये-जा करत होतं. आणि महापौर बघायला आले होते.

ही गोष्ट मी दर दिवाळीला ऐकली. तुम्ही पाटावर बसलेले, पाठीला तेल, समोर आई, आणि पायरीवर महापौर. माझी खात्री होती की मी लहान असताना त्यात महापौर नव्हते, ते माझ्या दहावीच्या सुमारास शिरले. पुढे मी थट्टेचे लेख लिहायला लागलो, आणि थट्टा करणाऱ्याला घरातला माल सगळ्यात आधी सापडतो. एका दिवाळी अंकात मी तुमच्यावर लिहिलं: "आमच्या वडिलांनी विलायतेहून दोनच गोष्टी आणल्या, एक मफलर आणि एक महापौर. त्यातला मफलर खरा आहे." लेख गाजला. लोक मला थांबवून हे वाक्य म्हणून दाखवायचे. तुम्ही तो अंक खुर्चीत बसून, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलात. मी स्वयंपाकघराच्या दारात चकली खात उभा. तुम्ही अंक मिटलात आणि म्हणालात, "कागद चांगला वापरलाय."

त्याच दिवाळीत शेजारचे काका आले. चेहरा सरळ ठेवून त्यांनी विचारलं, "अण्णा, ती महापौरांची गोष्ट होऊन जाऊ दे की." तुम्ही म्हणालात, "तुम्ही आधी चिवडा घ्या." त्यानंतर तुम्ही सहा वर्षं जगलात आणि ती गोष्ट पुन्हा सांगितली नाहीत. माझ्या ते पहिल्या वर्षीच लक्षात आलं होतं. पुढची पाच वर्षं मी लक्षात न आल्यासारखं केलं. एकदा तरी म्हणायचं होतं, सांगा ना अण्णा. नाही म्हटलं.

तर ती फरशी बघून मी इंटरनेटवर तुमच्या त्या गावाचं नाव टाकलं. गावाच्या जुन्या आठवणींचं एक पान आहे, आणि टाळेबंदीत सगळं गाव तिथेच राहायला आलं आहे. मासेवाल्याचं दुकान चर्चच्या डावीकडे होतं की उजवीकडे, यावर साठेक जणांनी मत दिलं होतं; शेवटी मासेवाल्याच्या नातवाने येऊन सांगितलं की आजोबा भाजी विकायचे. एकीने शाळेचा फोटो लावून लिहिलं होतं, मागच्या रांगेत तिसरी मी. त्याखाली दुसरीने लिहिलं होतं, तिसरी मी आहे, तू त्या दिवशी गोवर येऊन घरी पडली होतीस. मी लगेच सभासद झालो. भक्तिभावाने नाही; संपादक लेख मागत होते आणि मला घरबसल्या एक अख्खं गाव थट्टेला मिळालं होतं. तुमच्या महापौरांचा समाचार दुसऱ्यांदा घ्यायचाही बेत होता, तेही सांगून टाकतो.

तिसऱ्या दिवशी तिथे पायऱ्यांचा विषय निघाला. रेघ पांढरी ओढायची की पिवळसर, यावरून गावात साठ वर्षांपूर्वीच दोन पंथ पडलेले आहेत आणि अजून समेट नाही. त्यात एका बाईंनी लिहिलं: "आमच्याकडे एक भारतीय भाडेकरू होता, मागाच्या कारखान्यात शिकायला आलेला. त्याने आमच्या पायरीवर पिवळं फूल काढलं. आईने सगळा हिवाळा त्याच्या नावाने बोटं मोडली." मी मोठ्याने "आयला" म्हणालो. तेव्हाही ऑफिसची मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद होता, माइक बंद नव्हता.

मी त्या बाईंना लिहिलं, त्यांनी ते पान चालवणाऱ्या इतिहास मंडळाच्या चिटणिसांना सांगितलं, आणि चिटणिसांनी मला मंगळवारी दुपारी व्हिडिओवरच्या सभेला बोलावलं. पडद्यावर चौदा चौकोन. त्यातल्या सहांत माणसं होती, बाकीच्यांत कपाळं आणि छत. पिवळ्या फुलाबद्दल लिहिणाऱ्या बाई म्हणजे तुमच्या मालकीणबाईंची मुलगी, तुम्ही तिथे होतात तेव्हा नऊ वर्षांची होती. आता सत्तरीला आली आहे. मला पहिल्या वाक्यापासून 'लव्ह' म्हणत होती. तिकडे भाजीवालासुद्धा गिऱ्हाइकाला असंच म्हणतो, हे मला नंतर बायकोला समजावून सांगावं लागलं.

"लव्ह, ते पिवळं नेमकं काय होतं? आई मरेपर्यंत विचारत होती."

"हळद."

"म्हणजे ती जेवणातली?"

"हो."

"आणि तुम्ही ती खाता? आमच्या दगडातून निघाली नाही ती."

अण्णा, पायरी वाळूच्या दगडाची होती आणि तुम्ही काढलंत तेव्हा ती दवाने ओली होती. इचलकरंजीच्या उन्हात दोन दिवसांत उडालं असतं. लँकेशायरच्या नोव्हेंबरात ऊन हा विषयच नव्हता. बाईंनी आधी पाण्याने घासलं. मग धुण्याचा सोडा टाकला. "आणि ते लाल झालं," मुलगी सांगते आहे, "पिवळं होतं ते आईच्या हाताखाली लालभडक झालं. आई ओरडत रस्त्यावर पळाली." चौदा चौकोनांत त्याचा अर्थ कळलेला मी एकटाच. हळदीत सोडा पडला की काय होतं, हे आपल्याकडे कुठल्याही डाग पडलेल्या सदऱ्याला विचारावं. बाईंनी तुमचं कमळ पुसता पुसता स्वतःच्या दारात कुंकू केलं होतं, तेही रविवारी चर्चला जायच्या आदल्या दिवशी.

"म्हणून गल्ली जमली?"

"जमली म्हणजे? शेजारच्या गल्लीतूनही आले."

"आणि मागच्या दाराने जायचात?"

"आठवडाभर. लाजेने, लव्ह. पुढच्या दाराने निघालं की सगळे विचारायचे."

मी मग विचारलं, "महापौर आले होते का हो?"

"येतो कशाला? समोरच तर राहायचा. खाटीक होता. त्या वर्षी महापौरपदाची पाळी त्याच्यावर आलेली. दुकानाकडे जाताना रोज आमच्या दारात थांबायचा आणि आईला विचारायचा, आज कुठला रंग?"

अण्णा, महापौर खरे होते.

पण तिची गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचं तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नव्हतंत. तिच्या आईने म्हणे तुम्हाला दंड केला. दर शुक्रवारी कामावर जायच्या आधी पायरी तुम्ही घासायची. तुम्ही घासलीत. भारतात परत निघेपर्यंत, प्रत्येक शुक्रवारी, कोट काढून, रस्त्यावर गुडघे टेकून. पायरी घासणारा पुरुष त्या गल्लीने पाहिला नव्हता. बायका चहाचे कप घेऊन दारात उभ्या राहायच्या. "पण रेघ काय ओढायचा," ती म्हणाली, "आई शेजारणींना हळूच बोलावून दाखवायची. त्याच्या तोंडावर कधी बोलली नाही. शेफारला असता."

तुम्ही गोष्टीतून नेमका तोच भाग गाळलात, जो ऐकून मी बाकीच्यावर विश्वास ठेवला असता. गिरणीत दीडशे माणसं ज्यांच्या एका शब्दावर हलायची, ते अण्णा परक्या बाईची पायरी घासताहेत, हे कोण रचून सांगेल? मी आईला फोन लावला. ती लसीच्या रांगेसाठी तयार होऊन बसली होती आणि रिक्षा आलेली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे वेळ होता.

"अण्णांनी तिथे पायरी घासली होती. तुला माहीत होतं?"

"मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर तर मी हो म्हटलं."

"मग मी तो लेख लिहिला तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारून लिहिलास का?" ती म्हणाली. आणि मग, "रिक्षा आली रे, ठेवते."

पुढच्या महिन्यात मंडळाने मला दहा मिनिटं दिली. गावच्या नोंदीत तुमची आठवण तुमच्या मुलाच्या तोंडून असावी, असं चिटणिसांचं म्हणणं. मी तुमच्या पद्धतीने सांगितलं: बोहारीण, रुमालातून चाळलेला दगड, पाटावरचं तेल. लोक हसले. एक कपाळ तर हसता हसता चौकोनातून खाली निघून गेलं. मग तुमच्या मालकीणबाईंची मुलगी म्हणाली, "आईला एकच वाटायचं. रागाच्या भरात आपण त्याला फार बोललो, तो घरी गेल्यावर आमचं नावही काढत नसेल. सांगायचा का रे तो हे, घरी?"

"शेवटपर्यंत," मी म्हणालो. "दर दिवाळीला. आम्ही त्यांना सोडायचोच नाही."

तिने डोळ्यांना रुमाल लावला. टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बायको मटार सोलत बसली होती. तिचे हात थांबले. सभा संपल्यावर ती म्हणाली, "लेखाचं बोलला नाहीस."

"दहाच मिनिटं होती."

"तुझं सातात संपलं."

दोन दिवसांनी चिटणिसांनी सभेचा वृत्तांत पाठवला. त्यात लिहिलं आहे की या भाडेकरूने ही हकिगत अखेरच्या दिवाळीपर्यंत मुलाबाळांना सांगितली आणि घरचे ती आवडीने ऐकत. खाली सूचना आहे: मजकुरात चूक असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, त्यानंतर तो कायम धरला जाईल. साठ वर्षांपूर्वीच्या मासेवाल्यासाठी भांडणारी माणसं ती, त्यांनी माझं म्हणणं काही न विचारता उतरवून घेतलं. ते पंधरा दिवस काल संपले. मी त्यांना काही कळवलं नाही, अण्णा. तुम्हाला हे लिहीत बसलो होतो.