साठ ट्रे माझ्या ताब्यात

९ जानेवारी २०२५, गुरुवार

चार्ज घेतला! मिरचीच्या रोपांचे साठ ट्रे, एकेका ट्रेत अठ्ठ्याण्णव रोपं. सूनबाई राजेश्वरी सकाळच्या एसटीनं पाटणला माहेरी गेली. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, साडेतीन आठवडे तरी येत नाही. आमचा शिवतेज अरुणाचलमध्ये ड्युटीवर. मग उरलो कोण? निवृत्त सुभेदार लालासाहेब, वय चौसष्ट — ज्यानं ही नर्सरी उभी राहताना सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं की नारळाच्या भुशात काही पिकत नसतं.

त्या भुशाला कोकोपीट म्हणायचं. माती नाहीच. आणि त्यातली ही रोपं आता मला जगवायची आहेत. मेली तर सगळा गाव म्हणणार, सासऱ्यानं मुद्दाम मारली. राजेश्वरी तोंडानं काही म्हणणार नाही, मनात धरेल. ते जास्त वाईट. तिची पहिलीच ऑर्डर आहे, बागायतदार उदयसिंहांची, सगळ्या साठ ट्रेंची. २ फेब्रुवारीला टेम्पो येणार.

निघताना तिनं भुसा मुठीत धरून बरंच काही समजावलं. मी नुसतं व्हय व्हय केलं, कारण एसटी चुकेल याची मलाच जास्त धास्ती. ब्रीफिंग नीट ऐका, हे मी पलटणीतल्या पोरांना किती वर्षं ओरडून सांगत होतो!

१० जानेवारी

ट्रे विटांवर ठेवलेले होते, कुठं तीन विटा, कुठं चार. लाईन वाकडी. बघवेना. विटा काढल्या, खाली प्लास्टिक अंथरलं, दोरी लावून साठही ट्रे एका रेषेत मांडले. आता कसं परेडला उभे राहिल्यासारखे दिसतात. मंडळी म्हणाल्या, पोरीनं ठेवलंय त्यात हात घालू नका. परेडची रांग सरळ करणं, ज्याला आम्ही ड्रेसिंग म्हणतो, ते मंडळींना कळत नाही.

१२ जानेवारी

आठ वाजता लाईट आली. मोटर सुरू, पाणी दिलं. भुसा वरून पार कोरडा होता. काम सोपं आहे!

१३ जानेवारी

लाईट आली, पाणी. संध्याकाळी वर पुन्हा कोरडं दिसलं, झारीनं परत दिलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत, तीळगूळ जास्त झाला, पोट बिघडलं. पाणी मात्र चुकवलं नाही.

रोपं जरा फिकी वाटतात. की माझा चष्मा?

१७ जानेवारी

चष्मा नाही. पिवळीच आहेत. वाढही थांबली आहे.

राजेश्वरीचा फोन आला. आईचं ऑपरेशन चांगलं झालं. मग रोपांचं विचारलं. मी म्हटलं, एकदम ठीक. तिनं फोटो मागितला. सगळ्यात हिरवा ट्रे शोधला, सात नंबरचा, उन्हात नेला आणि त्याचा काढून पाठवला. 'छान मामा' असा उलट निरोप आला. जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी

रोपं पिवळी म्हणजे भुकेली. ऊस पिवळा पडला की आपण काय करतो? तेच केलं. झारीत मूठभर युरिया विरघळवून साठ ट्रेंना दिला. आता बघा!

१९ जानेवारी

बघितलं. पानांची टोकं करपली.

२१ जानेवारी

अकरा ट्रे गेले. रोपांनी बुडाशी माना टाकल्या. देठ धाग्याएवढा बारीक आणि काळा.

इथं दुसरं कोणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. सकाळी ते अकरा ट्रे बघितले तेव्हा पहिल्यांदा, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. म्हटलं, सांगितलं होतं ना मी! मग स्वतःलाच विचारलं, हा कोण माणूस? याच्या ताब्यात पोर सगळं टाकून गेली? विटांच्या ढिगावर बराच वेळ बसून राहिलो. मंडळींनी दोनदा चहाला हाक मारली, गेलो नाही.

तिला फोन करायचा धीर झाला नाही.

२२ जानेवारी

मंडळींनी परस्पर धनाजीला फोन लावला. हा लोणंदचा जुना नर्सरीवाला, राजेश्वरीनं बी त्याच्याकडूनच आणलं होतं. दुपारी मोटरसायकलवर आला. रोपांकडं बघितलंही नाही, सरळ ट्रे उचलला आणि माझ्या हातात दिला. केवढा जड! मग ट्रेतल्या एका कपातला भुसा काढून मुठीत दाबला, तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं. वरचा बोटभर थर कोरडा आणि खाली चिखल.

"सुभेदार, ह्यो ऊस न्हवं. वरचं वाळलं म्हंजी तहान लागली असं न्हाई. आदी उचला, हलकं लागलं तरच पानी."

या वेळी ब्रीफिंग नीट ऐकलं. ट्रेच्या बुडाला भोकं असतात आणि विटा त्या भोकांतून पाणी निथळावं म्हणून असतात, हेही कळलं. माझ्या दोरीतल्या लाईनीनं सगळी भोकं बंद केली होती! त्यात आमच्या बोअरचं पाणी मचूळ. उसाला चालतं, या पोरांना नाही. वर युरिया. भुशावर पांढरी खारी साय धरली होती, ती मी रोज बघत होतो आणि म्हणत होतो, थंडीचं दव असेल.

आमच्याकडं पिकाला तहान लागली का, हे कोण विचारतो? लाईट आली की पाणी द्यायचं, कारण उद्या येईल याचा भरवसा नाही. निवृत्तीपासूनची सवय, ती मिरचीला भोवली.

२३ जानेवारी

नळाचं गोडं पाणी आणून उरलेल्या एकोणपन्नास ट्रेंमधून एकदाच भरपूर सोडलं, खार धुऊन जाईपर्यंत. मग सगळे परत विटांवर. शेडच्या बाजूची जाळी गुंडाळून वारा मोकळा केला. गेलेले अकरा ट्रे लांब नेऊन रिकामे केले. धनाजी म्हणाला, आता काही करू नका. काहीच करायचं नाही, यापेक्षा अवघड हुकूम मला नोकरीत मिळाला नव्हता.

२४ जानेवारी

आठला लाईट आली. शपथेवर सांगतो, मी चहा पीत होतो आणि पुढच्या क्षणी मोटरच्या पेटीपाशी उभा होतो. पाय आपोआप गेले! परत आलो आणि पेटीची किल्ली मंडळींकडं दिली. त्यांनी ती कमरेला खोचली आणि हसायला लागल्या, त्या दुपारपर्यंत हसत होत्या.

२५ जानेवारी

राजेश्वरीला फोन करून सगळं सांगितलं. विटा, युरिया, सात नंबरचा फोटो, अकरा ट्रे. क्षणभराचं ते बरं वाटणं सोडून.  तिनं एवढंच विचारलं, बाकीचे हलके लागतात का?

म्हटलं, उद्यापर्यंत लागतील.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. भाषण मी दोन मिनिटांत उरकलं. गुरुजींना आश्चर्य वाटलं. घरी येऊन ट्रे उचलले. हलके! गोडं पाणी, एकदाच, बेतानं.

२८ जानेवारी

दुधाच्या किटल्या तोलायचा ताणकाटा आणला. रोज सकाळी पाच ट्रे टांगून वजन बघतो. मंडळी म्हणतात, शिवतेज तान्हा असताना त्याचं वजन कधी असं केलं नव्हतं.

३० जानेवारी

मधोमध नवं पान! कोवळं, हिरवंगार. एक रोप हळूच उपसलं, तर बुडाशी पांढरीशुभ्र मुळं, भुशाला घट्ट धरून. मंडळींना दाखवलं, शेजारच्या भाऊसोला दाखवलं, वाटेनं जाणाऱ्या दूधवाल्यालाही थांबवून दाखवलं.

१ फेब्रुवारी

एकोणपन्नास ट्रे तयार. उंची थोडी कमी आहे, पण देठ जाड, पान तकतकीत. उदयसिंहांना अकरा ट्रेंचं मीच फोन करून सांगितलं, चूक माझी, पोरीची नाही. उद्या राजेश्वरी येते. गोठा झाडला, दाढी केली. एवढी धाकधूक तर इन्स्पेक्शनलाही झाली नव्हती.

२ फेब्रुवारी

राजेश्वरी एसटीनं आली नाही. भावाच्या पिकअपमधून आली, आणि मागं मिरचीचे साठ ट्रे. आईच्या ऑपरेशनची तारीख आधीच ठरली होती, म्हणून इथं बी टाकलं त्याच आठवड्यात तिनं भावाच्या गच्चीवरही टाकून घेतलं होतं. म्हणजे माझं एकही रोप वाचलं नसतं, तरी तिची ऑर्डर गेली असती.

माझे ट्रे तिनं एकेक करून उचलून बघितले. मग खाली बघत म्हणाली, "मामा, खरं सांगू? माझा इश्वास नव्हता तुमच्यावर."

वाईट वाटलं. पण तिच्यापुढं खोटं बोलवेना.

"पोरी," मी म्हटलं, "माझाबी कुठं हुता."