खरं बोलण्याचा उजवा कौल

ती. सौ. हौसाताईस,

गुरूचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे मनातल्या मनात). डोंबिवलीच्या हवेत तुझा दमा कसा आहे? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं भावजींकडून कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे रत्नागिरीत सारे खुशाल, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही, आणि खोटं मला सध्या चालत नाही. आमच्या आरोहीसाठी तू सुचवलेलं सर्वेशचं स्थळ का फिसकटलं ते फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद.

त्याचं असं झालं. आमच्या ऑफिसात पुण्याहून एक व्याख्याते आले आणि प्रत्येकाने आयुष्याची ध्येयं ठरवावीत असं सांगून, चहा पिऊन गेले. मी ठरवलं, साखर सोडायची, राग सोडायचा आणि वर्षभर खोटं बोलायचं नाही. आता आपल्याकडे देवीला विचारल्याशिवाय विहिरीला तरी कोण कुदळ मारतो? रविवारी गावी जाऊन विठू गुरवाला कौल लावायला सांगितला. त्याने गाऱ्हाणं घालून देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. साखरेला डावा कौल आला, म्हणजे परवानगी नाही (देवीला माझी काळजी आहे). रागाच्या वेळी पाकळी हललीच नाही. तुझी भावजय दर्शना म्हणाली, देवीलाही खात्री नसेल. आणि खऱ्याच्या वेळी मात्र गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली! सगळं देऊळ 'व्हय म्हाराजा' म्हणालं. उजवा कौल मोडून कोणाचं भलं झालंय? मी बांधला गेलो.

पहिल्याच आठवड्यात शेजारणीच्या फणसाच्या भाजीबद्दल मत दिलं, तेव्हापासून त्या घरून वाटी येत नाही. साहेबांनी त्यांची कविता कशी वाटली विचारलं, तेव्हा मी खोकत बाहेर गेलो (गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे, हे विठूकडून पक्कं करून घेतलंय).

आणि मग तू सुचवलेली माणसं मुलगी बघायला आली. त्याआधी आरोहीनं मोटरसायकलवर माझ्यामागे बसून सांगितलं होतं की, हे लग्न नको, पुढं शिकायचंय. मी वाऱ्यात ऐकू न आल्यासारखं केलं होतं. पोहे झाले. मी आतून देवीला विनवत होतो, माझा पगार विचारू दे, बागेतला मोहोर विचारू दे, तेवढं एक नको. सर्वेशच्या आईनं खोबऱ्याची वडी उचलता उचलता विचारलं, "मुलीची पसंती हाय ना?" अगं, असं विचारायची रीत असते, उत्तर कोणाला हवं असतं? दर्शनाने माझ्याकडे डोळे वटारले. आरोही चहाचा ट्रे धरून उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तेच मला सोसवेना. खोकला काढून पाहिला. तो संपला तरी बाई वडी हातात धरून थांबलेल्याच.

"नाय हो," मी म्हटलं. "तिच्या मनात नाय. शिकायचं म्हणते."

ट्रेमधले कप वाजले. बाईंनी वडी परत बशीत ठेवली. सर्वेशने तेवढा मोकळा श्वास घेतला, असं मला वाटलं. खात्री नाही, म्हणून ते लिहीत नाही (लिहून झालं). माणसं चहा न घेता गेली. दर्शना अजून माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलते. पण आरोहीनं त्या संध्याकाळी मला चहा करून दिला आणि बराच वेळ जवळ बसून राहिली. फार बरं वाटलं, ताई.

भावजींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
गुरू

ता. क. : मुख्य काम राहिलंच. स्थळाचं काय झालं, असं आई विचारील. नेम मला आहे, तुला नाही. तेव्हा मुलाकडच्यांनीच नकार दिला, असं तू तिला सांग.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी आरोहीनं हे वाचलं. म्हणाली, "बाबा, आत्याला तरी कोणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, नाही. तुझ्या लग्नात मी पंगतीला मीठ वाढत होतो. तू आतल्या खोलीत रडत होतीस आणि सगळे म्हणत होते, माहेर सुटतंय ना, म्हणून. भावजी चांगले निघाले हे आपलं नशीब. आईला काय सांगायचं ते आता तूच ठरव.